‘मॅडम, ही मीच ना?’

या वेळचं पत्र एका तरुण त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांचं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मी आटोपशीर केलं आहे, काही तपशील बदलले आहेत आणि बदललेला मजकूर छापण्याआधी त्यांना पाठवून त्यांचा होकार घेतला आहे. एवढी खबरदारी का, ते उत्तरात येईलच.

‘मॅडम, मी ३४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात दवाखाना टाकला, त्याच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. आठवड्यातले तीन दिवस एका मेडिकल कॉलेजात गजकर्णाच्या बुरशीवर संशोधन करते. वर्षभरापूर्वी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मराठीत लिहायला लागले, छोटे व्हिडिओ टाकायला लागले. विषय बहुतेक एकच : मेडिकलमधून मनाने आणलेली स्टेरॉइडची मलमं. लोक वाचतात, विचारतात, बरं वाटतं.

मग एका पेशंटच्या चेहऱ्याचे “आधी” आणि “नंतर” असे दोन फोटो टाकले. तिला तोंडी विचारलं होतं, डोळ्यांवर काळी पट्टीही लावली होती. पोस्ट खूप पसरली. आठ दिवसांनी तिच्या नणंदेने कानातल्या कुड्यांवरून तिला ओळखलं. घरात काय झालं मला माहीत नाही. पेशंट परत आली नाही. पोस्ट मी काढून टाकली.

आता रात्री बारा वाजेपर्यंत लोक फोटो पाठवून औषध विचारतात. एका बाईने एक स्टार देऊन लिहिलं की माझ्या औषधाने तिचा चेहरा जळला. खरं म्हणजे ती आधी सहा महिने काय लावत होती ते माझ्या केसपेपरवर आहे. मी सविस्तर उत्तर लिहून ठेवलं आहे, टाकू का? एक क्रीमची कंपनी दर महिन्याला पैसे द्यायला तयार आहे. आमच्या प्रयोगाचा एक तक्ता पोस्टमध्ये टाकला म्हणून गाईडनी सगळ्यांसमोर सुनावलं. नवरा म्हणतो, घोडबंदर रोडवरचा प्रत्येक दवाखाना रील काढतो, तूच मागे का? सासरे म्हणतात, डॉक्टरला हे शोभत नाही. सगळं बंद करून टाकू का?’

प्रिय डॉक्टर,

बंद करू नका. हे आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही खचलेल्या दिसलात आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं कडू आहे.

तुमच्या पेशंटच्या कुड्यांबद्दल वाचलं आणि मला एक दुपार आठवली. दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी नौपाड्यात फिजिशियन म्हणून बसते. तेव्हा फेसबुकवर आठवड्याला एक टिपण लिहायचे. एका बाईंना छातीचा टीबी झाला होता. सहा महिने त्यांनी नेटाने गोळ्या घेतल्या आणि बऱ्या झाल्या. टीबीची भीती घालवायला याहून चांगली गोष्ट कुठली, असं मला वाटलं. नाव लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच : कोपरीत राहणाऱ्या एक शिक्षिका, घरी शिकवण्या घेतात, नवरा जहाजावर, पदरी दोन मुली. एवढे तपशील नसले तर गोष्टीत जीव येत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती. पण कोपरीत अशा बाई असून असून किती असणार? ते टिपण त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. शिकवणीची मुलं एकेक करून यायची थांबली.

त्या दवाखान्यात आल्या. नंबर लावून, बाकीच्या पेशंटसारख्या बाकावर बसून. आत आल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे वळवून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘मॅडम, ही मीच ना?’ आवाज अजिबात चढला नव्हता. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही चांगलंच लिहिलंय हो माझ्याबद्दल.’ आणि उठून गेल्या. पुढच्या तपासण्या त्यांनी दुसरीकडे करून घेतल्या.

वर लिहिलेलं गाव, पेशा, घरची माणसं, सगळं मी बदललं आहे आणि हा भाग त्यांना फोनवर वाचून दाखवला आहे. न बदललेलं आहे ते त्यांचं बोलणं.

टीबीचा पेशंट आढळला की सरकारला कळवणं २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. मी ते वेळेवर कळवलं होतं. ज्याला कळवायला हवं त्याला कळवून झालं होतं. त्यानंतर जे जगाला सांगितलं, त्यातला एक शब्दही त्या बाईंच्या उपयोगाचा नव्हता. माझा हेतू चांगला होता, तुमचाही चांगलाच होता. त्याने त्या दोघींना काडीचाही फरक पडला नाही.

आता काळ्या पट्टीबद्दल. ही पट्टी आपण सगळेच जुन्या पाठ्यपुस्तकांत बघत आलो, त्यामुळे ती लावली की काम झालं असं वाटतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे की ओळख लपवायला नुसते डोळे झाकणं पुरेसं नाही. जवळच्या माणसाला डोळे लागतच नाहीत. हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचं गोंदण, मंगळसूत्राची वाटी, गुडघ्यावरचा लहानपणीचा व्रण, मागच्या भिंतीवरचं तुमच्या दवाखान्याचं कॅलेंडर, यांतलं काहीही पुरतं. आणि जिच्यापासून लपवायचं असतं ती माणसं जवळचीच असतात. जळगावच्या अनोळखी माणसाने तो फोटो पाहिला तर तुमच्या पेशंटचं काय बिघडणार होतं? पाहिला तो नणंदेने.

त्यातून चेहऱ्याचं दुखणं. तुम्हाला मी काय सांगू, पण वाचकांसाठी लिहिते : गोरं होण्यासाठी म्हणून मुली स्टेरॉइड असलेलं मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. लग्न ठरायच्या आधी सुरू होतं आणि लग्नानंतर चेहरा लाल, पातळ, केसाळ व्हायला लागला की दवाखान्यात येतात. मलम लावत होते हे सासरी माहीत नसतं. म्हणजे तुमच्या त्या दोन फोटोंनी नुसता आजार सांगितला नाही, तिने वर्षभर जपलेली गोष्ट घरात उघडी केली असण्याची शक्यता आहे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. आपल्याला आज लागू आहेत ते भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे आचारसंहितेचे नियम. ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही, असं त्यांत आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले होते. त्यांत सोशल मीडियावर वेगळं प्रकरण होतं : पेशंटचे फोटो आणि स्कॅन टाकू नका, डोळे दिपवणारे निकाल मिरवू नका, पेशंटकडून कौतुकाचे व्हिडिओ मागू नका, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका. पण औषधं जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने लिहायच्या कलमावरून डॉक्टरांत खळबळ उडाली आणि २३ ऑगस्टला सगळेच नियम स्थगित झाले. तेव्हापासून जुनेच चालू आहेत. माझं विचाराल तर सोशल मीडियाचं ते प्रकरण मला मनापासून पटतं आणि ते लागू आहे असं समजूनच मी वागते. काही आजारांत तर कायदा आणखी कडक आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आणि त्याच वर्षीचा एचआयव्ही कायदा, दोन्हींत गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

तोंडी परवानगी म्हणजे काय, याचा विचार करा. तुमच्यासमोर एक मुलगी बसली आहे. तिचा चेहरा तुम्ही बरा केलात. ती उपकाराखाली आहे. तुम्ही म्हणालात, ‘तुमचे फोटो टाकले तर चालतील ना? इतरांना मदत होईल.’ आपल्याकडे डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणारा माणूस मी अजून फारसा पाहिलेला नाही. ती मान हलवते. त्या मान हलवण्यावर आपण हजारो लोकांसमोर तिचा चेहरा ठेवतो.

खरंच एखादा फोटो लागणार असेल तर परवानगी लेखी घ्या, मराठीत किंवा तिला येते त्या भाषेत, उपचाराच्या संमतीपत्रापासून वेगळी. कुठे टाकणार ते नावानिशी लिहा. ‘शैक्षणिक वापरासाठी’ या शब्दांतून इन्स्टाग्राम कुणाच्याही लक्षात येत नाही. टाकायची तीच पोस्ट, त्याच मजकुरासह, तिला आधी दाखवा. आज नका विचारू, कागद देऊन घरी पाठवा आणि पुढच्या फॉलोअपला विचारा. पुढे नको वाटलं तर काढून टाकू, पण तोवर लोकांनी उतरवून घेतलेलं आपल्या हातात नाही, हे तिला मोकळेपणाने सांगा. हे ऐकल्यावर बऱ्याचजणी नको म्हणतील. म्हणू देत. लहान मुलांचे फोटो तर आईवडील हो म्हणाले तरी टाकू नका; त्या मुलाला पंधराव्या वर्षी काय वाटेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. आणि तुमच्या फोनच्या गॅलरीतले पेशंटचे फोटो आपोआप क्लाउडवर चढून घरच्या सगळ्यांच्या टॅबवर दिसत नाहीत ना, ते आज रात्रीच बघा.

पण माझा खरा आग्रह असा आहे की तुमच्या विषयाला पेशंटचा चेहरा लागतच नाही. गजकर्णाचं कडं पेनाने कागदावर काढून दाखवा : कडेला लालसर, खरबरीत, मध्ये निवळत गेलेलं. मलमाच्या ट्यूबवरची लाल उभी रेघ दाखवा. ती रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही अशा औषधावर असते, हे आपल्या सुशिक्षित शेजाऱ्यांनाही माहीत नसतं. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन ही नावं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा, म्हणजे बाई घरातली ट्यूब हातात घेऊन ताडून बघेल. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी आजही काउंटरवर मागितली की मिळतात, हे सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडे कसे वाळतात तेही दाखवा. ग्रिलला टांगलेली जीन्स दोन दिवस दमट राहते आणि तिसऱ्या दिवशी तीच घालून मुलगा ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत शिरतो. घरात पाच माणसं आणि टॉवेल दोन. एकाला औषध लावून बाकीच्या चौघांची खाज तशीच ठेवली तर ते कडं घरातच फिरत राहतं. यांतलं काहीही सांगायला कुणाचं अंग उघडं टाकावं लागत नाही.

एक स्टारचं उत्तर. ते टाकू नका. लिहिताना तुमचे हात थरथरले असतील, मला कळतं, माझ्यावरही ती वेळ आली आहे. पण ती बाई स्वतःबद्दल काय वाटेल ते लिहायला मोकळी आहे, तुम्ही तिच्याबद्दल लिहायला मोकळ्या नाही. केसपेपरवर आहे ते केसपेपरवरच राहिलं पाहिजे, ते आपल्या बाजूचं असलं तरी. इतकंच काय, ‘तुम्ही आमच्याकडे आला होता’ हेसुद्धा तिथे कबूल करायचं नाही. तुमच्या पाटीवर ‘त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञ’ असं लिहिलेलं असणार. त्या पाटीखालून कोण आत गेलं हे सांगणंच पुष्कळ होतं. मी असं लिहिते : ‘आपला अभिप्राय वाचला, वाईट वाटलं. कुणाच्याही उपचाराबद्दल आम्ही इथे जाहीर बोलत नाही. कृपया दवाखान्यात फोन करा, मी स्वतः बोलेन.’ बस्स. आणि तुम्ही जे सविस्तर लिहून ठेवलं आहे त्यातल्या घटना तारखेनिशी केसपेपरमध्ये नोंदवलेल्या आहेत ना, ते बघा. उद्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार गेलीच तर तिथे त्याचा उपयोग होईल. इन्स्टाग्रामच्या वाचकांपुढे निर्दोष ठरायची काही गरज नाही.

रात्रीच्या मेसेजांचं दुखणं वेगळं आहे. ते तुम्हाला रात्रभर जागं ठेवेल आणि एक दिवस चूक घडवेल. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर निघाल्या. त्यांप्रमाणे फोनवरून, व्हिडिओवरून तपासणं कायद्याने मान्य आहे. पण ती तपासणीच असते. पेशंट कोण, वय काय, हे विचारायचं, नोंद ठेवायची, आपला नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी द्यायची. फीही घेता येते. कमेंटमध्ये ‘ही गोळी आठ दिवस घ्या’ लिहिणं यांत कुठेच बसत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी तुमच्या विषयात फोटो फसवतो. मांडीवर गोल, कडा उठलेला चट्टा. फोटोत गजकर्ण वाटतं. समोर असता तर तुम्ही काय केलं असतं? कापसाचं टोक ओढून बारीक केलं असतं, डोळे मिटायला सांगितलं असतं आणि चट्ट्यावर टेकवून विचारलं असतं, ‘कळतंय?’ तो माणूस गप्प राहिला असता तर तुमच्या मनात पहिला विचार कुष्ठरोगाचा आला असता. रबाळ्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा तुमच्या मेसेजवरून बुरशीचं मलम लावत बसला आणि वर्षाने त्याच्या हाताची बोटं वाकायला लागली, तर त्या निळ्या खुणेच्या मेसेजचं काय करायचं? कापूस फोनमधून टेकवता येत नाही.

एक ठरलेला मजकूर करून ठेवा, तो आपोआप जाऊ द्या. मी सुचवते : ‘नमस्कार. फोटो बघून मी इथे निदान करत नाही आणि औषध सांगत नाही, कारण त्यात तुमचं नुकसान होऊ शकतं. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना किंवा सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात दाखवा. औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड किंवा अंगावर सालं निघत असतील तर औषधाची पाकिटं घेऊन लगेच मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.’ त्यात स्वतःच्या दवाखान्याचा पत्ता घालू नका. ज्याला यायचं तो शोधून येतो. चेहऱ्याच्या डागांनी, कोडाने मुलं-मुली किती खचतात तेही तुम्ही जाणता. मेसेजमधून कुणी जीव नकोसा झाल्याचं लिहिलं तर तेवढ्यापुरता आपोआपचा मजकूर पुरत नाही. स्वतः उत्तर द्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. तो फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

क्रीमच्या कंपनीला नाही म्हणा. २००२च्या नियमांत २००९ साली भर पडली, तिच्यात उद्योगाच्या कोणत्याही औषधाची किंवा वस्तूची जाहीर भलामण डॉक्टरने करायची नाही असं लिहिलेलं आहे. हप्त्यांचं ओझं मला समजतं. पण आज तुम्ही स्टेरॉइडच्या ट्यूबविरुद्ध बोलता तेव्हा लोक ऐकतात ते तुम्हाला त्यात काही मिळत नाही म्हणून.

गाईडच्या रागाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, पण मुद्द्यात त्या बरोबर आहेत आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. त्या तक्त्यातले आकडे एकट्या तुमचे नाहीत. ज्यांच्या त्वचेचे नमुने घेतले त्यांनी संशोधनासाठी सही केली होती, ती एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातं ना ते बघणाऱ्या समितीने मंजूर केलेल्या कागदावर. त्या कागदावर तुमच्या पोस्टचा उल्लेख नव्हता. शिवाय बरीच नियतकालिकं आधी प्रसिद्ध झालेला मजकूर घेत नाहीत. प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच इंटरनेटवर टाकलेला निबंध, चालतं का, परिषदेतली स्लाइड चालते का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, ते आधी बघावं लागतं आणि सगळ्या सहलेखकांना विचारावं लागतं.

पण याहून मोठं कारण तुमच्या वाचकांत आहे. तुमचा विषय आहे टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं, आपल्या देशाचं नावच तिच्या नावात गेलं. प्रयोगशाळेत काही नमुने औषधाला दाद देत नाहीत, हे वाक्य तुम्ही आणि मी एका अर्थाने वाचतो. घणसोलीतली एखादी आई ते असं वाचते की डॉक्टरांनी दिलेली गोळी आता चालत नाही. ती गोळी अर्ध्यावर सोडते. किंवा मेडिकलवर जाऊन म्हणते, ‘दुसरी स्ट्राँग द्या.’ आणि अर्धवट उपचार, मनाने घेतलेली औषधं यांनीच तर हे दुखणं इतकं चिवट करून ठेवलं आहे. तुमच्या तक्त्याने नेमकं तेच वाढलं असतं.

छापून आलेल्या शोधनिबंधावरही लगेच उडी मारू नका. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध कोविडच्या पेशंटना धोक्याचं आहे असं सांगणारा एक निबंध ‘द लॅन्सेट’सारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २२ मे २०२० रोजी आला. त्याच्या जोरावर औषधाच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. आकड्यांची खातरजमा करता येईना म्हणून ४ जूनला तो मागे घेतला गेला. मधल्या तेरा दिवसांत त्यावर किती व्हिडिओ निघाले असतील आणि त्यांतले किती नंतर दुरुस्त झाले असतील? तुमची चूक झाली तर जुनी पोस्ट गुपचूप पुसू नका. वर ‘दुरुस्ती’ असं लिहा, काय चुकलं होतं ते सांगा, तारीख घाला.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. ग्रामीण भागातल्या दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी निरीक्षणं टिपली. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ती आली, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढे सिद्ध होत गेला. आधी पेशंट, मग नोंदी, मग जाणकारांसमोर मांडणी, मग गावोगावी सांगणं. तुमच्यासाठी हाच क्रम मला योग्य वाटतो. निबंध छापून आला की त्यावर मराठीत लिहा, साध्या शब्दांत, आणि त्यात ‘चालू औषध मनाने सोडू नका’ ही ओळ पहिल्या परिच्छेदात घाला. गाईडना तो मसुदा आधी दाखवा. मला वाटतं त्या खूश होतील.

सासऱ्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि नवऱ्याच्या बोलण्यातही तुमची काळजी आहे. आपल्या नियमांत जाहिरातीला मनाई आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, बाहेरगावी गेलो, परत आलो, एवढं वर्तमानपत्रात कळवायला परवानगी आहे. ‘डॉक्टर अमुक तारखेपासून नेहमीप्रमाणे भेटतील’ अशा छोट्या चौकटी तुमच्या सासऱ्यांनी तरुणपणी पाहिल्या असतील. पाटीवर स्वतःचा फोटो छापणंही त्या नियमांत बसत नाही. पण त्याच नियमांनी आरोग्याच्या आणि स्वच्छतेच्या प्रश्नांवर स्वतःच्या नावाने लिहायची, रेडिओ-टीव्हीवर, इंटरनेटवर बोलायची मोकळीक दिली आहे. मराठीत ही परंपरा जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते, पण लोक ज्याबद्दल तोंड उघडत नव्हते त्या प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरं दिली. त्यासाठी खटला झाला तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. सासऱ्यांना हे सांगून बघा. आणि नवऱ्याला सांगा की पोस्ट टाकण्याआधी तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचाराल : यातून वाचकाला काही करता येईल, की फक्त माझं नाव त्याच्या लक्षात राहील? दुसऱ्या प्रकारच्या पोस्टनी हप्ते फिटतात की नाही मला सांगता येणार नाही. माझ्या दवाखान्यात इतकी वर्षं जे आले ते बहुतेक बऱ्या झालेल्या कुणाचं तरी बोट धरून आले.

आता ती मुलगी, जी परत आली नाही. पुढे तिचं काय झालं याबद्दल पत्रात तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते. चेहऱ्यावरचं स्टेरॉइड थांबवलं की आग, लाली पुन्हा उसळते, काही आठवडे, कधी काही महिने. या काळात धीर द्यायला डॉक्टर लागतो. तो नसला की माणूस परत त्याच ट्यूबकडे वळतो, कारण ती लावली की दोन दिवसांत गार वाटतं. ती आज कुठल्या अवस्थेत आहे ते तुम्हाला माहीत नाही.

तिला फोन करा. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगू नका, स्वतः करा, दुपारी, घरात ती एकटी असण्याची शक्यता असेल तेव्हा. दुसऱ्या कुणी उचलला तर नाव-गाव न सांगता ठेवा, आणि तिला मेसेज करू नका. फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. ती बोलली तर आधी विचारा, ‘आता बोलायला जमेल का?’ मग म्हणा की फोटो टाकायला नको होता, चूक माझी होती, पोस्ट काढली आहे आणि कुठे पसरलेली दिसली तर तीही काढायला लावते आहे. ‘पण तुम्ही हो म्हणाला होता’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ती रागावली तर ऐकून घ्या. मग चेहरा कसा आहे ते विचारा. तुमच्याकडे यायची तिची इच्छा नसेल तर तिला सोयीच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून द्या, आतापर्यंत काय औषधं दिली ते तारखेनिशी लिहा, लिफाफा बंद करून ठेवा. ती स्वतः येऊन घेऊन जाईल किंवा तिच्या विश्वासाचं कुणी येईल.